आत्याची हरळी, बाबांचा चमचा

आमच्या घरात क्विनिनला कोणी औषध म्हणत नसे. मिठाला कोणी औषध म्हणतं का? तसंच. आषाढ लागला की दर रविवारी सकाळी आठला बाबा क्वार्टरच्या ओट्यावर स्टूल टाकून बसत. मांडीवर तपकिरी बाटली, हातात चमचा, आणि समोर आम्ही तिघं भावंडं वयाप्रमाणे रांगेत: मी, शीला, कवडू. नाक दाबायचं, तोंड उघडायचं, गिळायचं आणि "आ" करून रिकामं तोंड दाखवायचं. दिवाळीपर्यंत एकही रविवार चुकत नसे. मला सोळावं संपलं तरी माझं नाक बाबाच दाबत. मी गिळेन यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नव्हता ते बरोबरच होतं.

बाबा म्हणजे पुंडलिकराव, रेल्वेत पॉइंट्समन. गाडी कोणत्या रुळावर जाणार ते यांच्या हातातल्या दांड्यावर. मूळचे नागपूरकडचे, पण नोकरीची पहिली वर्षं जंगलातल्या स्टेशनांवर गेली, जिथे पावसाळ्यात हिवतापाने रूळ सांभाळणारी अख्खी गँग आडवी पडायची. रेल्वे तिथल्या माणसांना क्विनिन द्यायची. बाबांनी ते नेमाने घेतलं आणि ते वाचले. माझ्या आधीचा भाऊ, शेषराव, चार वर्षांचा होता, तो नाही वाचला. त्या आठवड्यात बाबा डबल ड्यूटीवर होते आणि त्याचा डोस राहून गेला होता. यावर घरात कधी कोणी बोललं नाही. पुढे मुलगा झाला तेव्हा आत्याने त्याला सुपात घालून शेजारणीला दिला, एका कवडीला परत विकत घेतला आणि नाव ठेवलं कवडू. यमाला वाटावं, हा माल बिनकिमतीचा आहे. बाबांनी यमावर भरवसा ठेवला नाही. त्यांनी बाटली ठेवली.

भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्या साली, ऐन उन्हाळ्यात, बाबांची बदली इथे झाली. पावर हाउसजवळ रेल्वेच्या क्वार्टरी होत्या. भिंती अजून ओल्या, दारांना रंग नाही, आणि बाहेर पाय टाकला की घोट्यापर्यंत तांबडी माती. नंदिनीच्या खाणीतून चुनखडी भरलेल्या वॅगनी दिवसभर यार्डात आदळत. माय धुणं वाळत घाली आणि संध्याकाळी धुळीसकट घडी करी.

त्या आषाढातल्या एका रविवारी दुपारी माझ्या पायांवर लाल ठिपके उठले. पिसवा चावल्यासारखे, पण खाज नाही, आणि दाबले तरी पुसले जात नाहीत. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त. सकाळी शीलाने हात धरून उठवलं तर तिच्या चार बोटांचे चार निळे डाग माझ्या दंडावर. शेजारच्या बाईंनी माझे हात पाहिले, मग मायकडे पाहिलं, आणि दोन दिवस साखर मागायला आल्या नाहीत. माय बिचारी, जिने उभ्या जन्मात झुरळ मारलं नाही, ती घरोघर जाऊन सांगू लागली की मी पोरीला मारत नाही. तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली.

कारणं मात्र भरपूर निघाली. भिलाईत तेव्हा साऱ्या देशातली माणसं आली होती आणि प्रत्येकाने गावाकडून एकेक कारण आणि एकेक उपाय आणला होता. कोणी म्हणे भट्टीची धूळ रक्तात गेली. कोणी म्हणे कारखान्यासाठी ज्यांची गावं उठवली त्यांचे शाप. दूध घालणारी बाई म्हणाली, उंबराची साल उकळून दे. वरच्या ओळीतली तेलुगू बाई डाळिंबाची साल घेऊन आली. एका सरदारजींनी गाजराचा रस सांगितला, तोही आषाढात!

या सगळ्यांना आत्याने दारातूनच वाटेला लावलं.

भागाबाई, बाबांची थोरली बहीण. तेराव्या वर्षी विधवा झाली, आईमागे बाबांना तिनेच वाढवलं, आणि बाबा पन्नाशीला आले तरी त्यांना पुंडल्या म्हणण्याचा हक्क तिने सोडला नव्हता. तिने मला उजेडात बसवलं, जीभ पाहिली, पाय पाहिले, आणि मग घरात दुसऱ्या कोणी केलं नव्हतं ते केलं: तिने मला विचारलं. काय खाल्लं, कधी खाल्लं, झोप कशी, पाळी किती दिवस, अंगाला कुठला वास येतो. तासभर विचारलं.

"रक्तपित्त हाये," ती म्हणाली. "रक्त तापलं हाये पोरीचं. थंड करा लागते."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. पहाटे उठून ती तळ्याच्या काठची हरळी खुडून आणी. गणपतीला वाहतात त्याच दुर्वा, पण देवाला एकवीस आणि मला ओंजळभर. यार्डातली हरळी तिला चालत नसे. त्यात इंजिनाची राख. पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून, खडीसाखर घालून वाटीभर हिरवा रस सकाळी, वाटीभर संध्याकाळी. नाकातून रक्त आलं तर त्याच रसाचे दोन थेंब नाकात. दुपारी अडुळशाची पानं चुलीच्या राखेत भाजून काढलेला रस, मधातून. एक दिवसाआड कोहळ्याचं पाणी. रस गवताच्या चवीचा होता, म्हणजे गवतच होतं. मी एकदा बैलासारखं हंबरून दाखवलं तर आत्या म्हणाली, "बैलाले कधी नाकातून रक्त आलं का? मंग पी."

आणि पथ्य. पथ्यावर आत्याचा औषधापेक्षा जास्त जीव. मीठ नाही, चिंच नाही, लोणचं नाही, तिखट नाही, चहा नाही, उन्हात जायचं नाही, तव्यावरचं खायचं नाही. एकवीस दिवस. शेवटी ती बाबांकडे वळली.

"आन् पुंडल्या, तुही बाटली एकवीस दिवस कुलपात. माह्या औषधावर दुसरं औषध पडलं का दोन्ही बी बिघडते."

"अवो अक्का, ते औषध कुठी हाये? ते तं क्विनिन हाये."

"कुलपात म्हनलं ना."

बाबा थोरल्या साहेबाला उलट बोलत, पण अक्काला नाही. बाटलीपुरतं माझं नाव रांगेतून कमी झालं.

पाचव्या दिवशी हिरड्यांचं रक्त थांबलं. नवव्या दिवशी पायांवर एक ठिपका राहिला नाही. आत्याचं नाव अख्ख्या रेल्वे वस्तीत झालं. बाया मुलं घेऊन येऊ लागल्या, एकीचा नवरा मूळव्याधीसाठी आला, आणि आत्या प्रत्येकाला तासभर प्रश्न विचारून पथ्याची यादी सांगू लागली. एकविसाव्या दिवशी तिने माझं पथ्य सोडलं. मायने वरण-भात, तूप आणि आंब्याचं लोणचं वाढलं. मी लोणच्याची फोड चोखत रडले, इतकी ती चांगली लागली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी कुलूप काढलं.

त्या संध्याकाळी माझ्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. मायचं आख्खं लुगडं भिजलं.

"लोनचं खाल्लं!" आत्या ओरडली. "सांगत होतो मी, एकदम आंबट देऊ नोका!"

"तुहं गवत एकवीस दिवसच टिकते काय वं अक्का?" बाबा ओरडले. "एकवीस दिवसाची ग्यारंटी?"

दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होते आणि मी खाली बादलीत ठिबकत होते. कोणीतरी रिक्षा आणली म्हणून दवाखान्यात तरी पोचले.

डॉक्टर बाई होती, अमरावतीची, वसुंधराबाई. तिशीच्या असतील. बोलायला धारदार आणि हात फार हलका. त्यांनी रक्त तपासलं आणि बाबांना सांगितलं की रक्तात ते थांबवणारे बारीक कण असतात, प्लेटलेट म्हणतात, ते हिच्या अंगात जवळजवळ नाहीतच. का नाहीत ते अजून कळत नाही. मग त्यांनी विचारलं, "घरी काही औषध वगैरे देता का हिला?"

"नाही जी," बाबा म्हणाले. "काहीच नाही."

"नाही बाई," आत्या म्हणाली, पदराखाली हरळीच्या रसाचा तांब्या धरून.

बाबा खोटं बोलले नाहीत, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. आत्या मात्र बोलली. डॉक्टर लोक पाल्याला हसतात, हे तिला माहीत होतं.

आठ दिवस मी दवाखान्यात राहिले, गोळ्या घेतल्या, बरी झाले. डॉक्टरीणबाईंनी निघताना सांगितलं, "आता पुन्हा झालं तर वाट बघायची नाही. नागपूरला पाठवून पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, काढावी लागेल. ते कण तिथेच मरतात." पोट फाडायचं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला समजलं. आमच्या ओळीतला एक गँगमन नागपूरला पोट फाडायला गेला होता. त्याची फक्त ट्रंक परत आली होती.

घरी आल्यावर पुन्हा आत्याचे एकवीस दिवस, पुन्हा बाटली कुलपात. आणि ते संपले त्याच दिवशी मामाचा निरोप आला की मामी बाळंत झाली, कांताला पाठवा. मी तुमसरला गेले.

तुमसरला मी महिनाभर राहिले आणि महिनाभर वाट्टेल ते खाल्लं. मामाच्या घरी पथ्य हा शब्द कोणाला माहीत नव्हता. अंबाडीची भाजी, चिंचेचं सार, लिंबाचं लोणचं, रोज दोन वेळा चहा. हरळीचं पातं तोंडात घातलं नाही. उन्हात बाळाचे लंगोट वाळत घातले. अंगावर ठिपका नाही. मी रोज रात्री कंदिलापाशी पाय उघडे करून बघे आणि मामी म्हणे, काय शोधून राहिली वं, पैंजण हरवले काय?

गुरुवारी भिलाईला परत आले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार भिलाईचीच धूळ खाल्ली, भिलाईचंच पाणी प्यायले. काही नाही. रविवारी सकाळी आठला चमचा. दुपारी चारला जिभेवर काळा फोड आणि पायांवर ठिपके.

मी काही वैद्य नव्हते. पण वार मोजता येत होते. तीनदा झालं, तीनदा रविवारी झालं. बरं वाटलं तेव्हा बाटली बंद होती: आत्याकडे बंद, दवाखान्यात बंद, तुमसरला तर बाटलीच नव्हती. मला इतका राग आला की ठिपक्यांची भीती वाटायची राहून गेली. तीन महिने दोन मोठी माणसं माझ्या रक्तावरून भांडत होती आणि दोघांपैकी एकानेही कॅलेंडरकडे पाहिलं नव्हतं!

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ओट्यावर उभी राहून, सगळ्यांसमोर.

"हे तुमच्या चमच्यानं होते, बाबा."

बाबा हसले. मग पाहिलं की मी हसत नाही, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "सोळा वर्षं झाले पाजून राहिलो. तवा नाही झालं?"

"तवा नाही झालं, आता होते. आन् आत्या, तुही हरळी बी नाही कामाची. तुमसरले मी थेंब नाही पेली."

अशा रीतीने मी एकाच वाक्याच्या अंतराने घरातली दोन्ही दैवतं दुखावली. आत्या म्हणाली, तुमसरची हवाच थंड. माय म्हणाली, बापाशी असं बोलतेत काय? आणि दुसऱ्या दिवशी बाबा आणि आत्या मला दवाखान्यात घेऊन गेले ते नागपूरची चिठ्ठी आणायला.

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहू लागल्या. शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "मध्ये काही औषध?"

"नाही जी," बाबा म्हणाले.

"क्विनिन," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची चोरी उघड केली. मी थांबले नाही. थांबले असते तर पोट फाडलं असतं. सगळं सांगितलं: रविवार, चमचा, कुलूप, तुमसर, आणि तांब्यातली हरळीसुद्धा. आत्या खाली बघून लुगड्याचा काठ ओढत राहिली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. उठल्या, कपाटातून जाड पुस्तक काढलं, उभ्यानेच वाचलं, आणि चिठ्ठीचे दोन तुकडे केले.

"क्वचित एखाद्या माणसाचं रक्त क्विनिनला बिथरतं," त्या म्हणाल्या. "औषध चांगलंच आहे, पण हिच्यासाठी ते विष आहे. एक थेंबही द्यायचा नाही. ऑपरेशन आपण थांबवू आणि बघू." मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुमच्या हरळीनं काय केलं ते मी सांगू शकत नाही. पण तुमच्या पथ्यानं ही पोरगी वाचली."

आत्याने या दोन वाक्यांपैकी दुसरंच ऐकलं. दवाखान्यापासून घरापर्यंत भेटेल त्याला ते ऐकवलं, आणि मी एका शब्दाने तिला अडवलं नाही. खरंच होतं ते. सगळ्या शहाण्यांनी मला काही ना काही पाजलं. "दुसरं काही पाजू नका" म्हणणारी ती एकटीच.

बाबा मात्र पुढे चालत राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पोरीटोरी डॉक्टर झाल्या आता."

रविवार आला. आठ वाजले. शीलाने गिळलं, कवडूने गिळलं. मी दारात उभी होते, ठिपके अजून पुरते गेले नव्हते.

"ये," बाबा म्हणाले.

"डॉक्टरीनबाईनं नाही म्हनलं."

"अर्धा चमचा. अर्ध्यानं काही होत नाही. हिवतापाचे दिस हायेत, पोरी. मी पाहिलं हाये हिवतापानं काय होते ते. त्या बाईनं नाही पाहिलं."

त्यांचा आवाज चिडका नव्हता, मऊ होता. म्हणूनच जास्त भीती वाटली. ते उठले, डाव्या हाताने माझं नाक धरलं, जसं लहानपणापासून धरत. मी तोंड घट्ट मिटलं. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे काळं आलं, तरी मिटलेलं ठेवलं. मग त्यांचं मनगट झटकून स्टुलावरची बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. गळगळ आवाज करत सगळी गेली. माय किंचाळली. असं काही आमच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि ते मी केलं होतं, आणि मला पुन्हा करायला सांगितलं असतं तर पुन्हा केलं असतं.

बाबांनी हात उगारला. माझे दोन्ही दंड, गाल, खांदा, सगळीकडे निळे-पिवळे डाग. मारायलाही जागा नव्हती. हात तसाच राहिला, मग खाली आला. ते चपला घालून ड्यूटीवर गेले, त्या दिवशी त्यांची सुट्टी असताना.

तीन आठवडे बाप-लेक बोललो नाही. नवीन बाटली आली, रांग लागली, मी रांगेत गेले नाही, त्यांनी बोलावलं नाही. ठिपके गेले ते आलेच नाहीत. मला वाटलं, जिंकले.

आणि दिवाळीला चार दिवस राहिले असताना मला थंडी वाजली. दुपारी दोनची वेळ, उन्हात बसलेली, आणि दात वाजू लागले. घरातली सगळी पांघरुणं अंगावर टाकली तरी खाट हलत होती. मग ताप, मग घाम. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी बरोबर दोनला पुन्हा. हिवताप कसा असतो ते आमच्या घरात कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

बाबा ड्यूटीवरून आले ते सरळ खाटेपाशी. त्यांच्या हातात बाटली होती. कोणी काही बोलायच्या आत माय रडायला लागली. "घे ना वं, कांता. एक डाव घे. माही शप्पत हाये तुले." शीला रडत होती. आत्या, जिने दोन वेळा बाटली कुलपात घातली होती, तीसुद्धा आज कुलूप मागत नव्हती. हिवतापाला तिच्याकडे पथ्य नव्हतं. सगळं घर एका बाजूला आणि मी एकटी खाटेवर.

बाबांनी चमचा भरला. "तो बी असाच हालत होता," ते म्हणाले. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेषूदादाची गोष्ट काढली. "असाच. आन् मी नव्हतो घरी."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटून मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी आणखी एक मूल स्वतःच्या हाताने घालवलं असतं, आणि पुढे जन्मभर त्यांना ते कळलंही नसतं. मी उशीवरून डोकं उचललं. दात एकमेकांवर आपटत होते, तरी बोलले.

"बाबा, हा चमचा शेषूदादाचा हाये. त्याचा चुकला. तो मले देऊन त्याले पोचत नाही. मी मरीन, पन हे घेनार नाही. तुमी कोनाचे बाप? त्याचे का माहे?"

कोणी असं बापाला विचारू नये. मी विचारलं. आत्याने पदर तोंडावर घेतला. बाबांनी चमचा खाली घेतला. मग तो सांभाळून बाटलीत परत ओतला, एक थेंब न सांडता, बूच लावलं, आणि मला पांघरुणासकट उचललं. सोळा वर्षांची घोडी मी, मला उचलून ते ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई नव्हत्या. एक अवघड बाळंतपण होतं, त्या तिथे होत्या. कंपाउंडर चंपतरावांनी बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं, आत जाऊन पाहून आले. "हिवताप," म्हणाले, आणि कुठल्याही शहाण्या कंपाउंडरने केलं असतं तेच केलं: कपाटातली मोठी बाटली काढून पेल्यात औषध ओतलं. त्यांना माझं काय माहीत?

बाबांनी पेल्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हे क्विनिन हाये काय?"

"हाव. मंग काय सरबत देऊ?"

"हे नाही चालत हिले."

"पुंडलिकराव, तुमी? वस्तीतल्या लेकरायले धरून धरून पाजता, आन् आता सोताच्या पोरीले नाही म्हनता? तुमी डॉक्टर झाले काय?"

"मी तं पॉइंट्समन," बाबा म्हणाले. "आन् पॉइंट मीच चुकीचा लावला होता. डॉक्टरीनबाई येईपर्यंत हिच्या तोंडापाशी कोनी काही न्याचं नाही. मी इथीच बसून राहतो."

चंपतराव चिडले. नियमाचा माणूस होता. "पोरीचं बरंवाईट झालं तं? मी नाही जबाबदार. लिहून द्या."

"द्या कागद," बाबा म्हणाले. "पहिले तीन डाव मले कोनी लिहून मांगलं नाही. ते बी लिहितो."

पुढे डॉक्टरीणबाई आल्या, दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि अंगावर ठिपका उठला नाही. पण ते नंतर. त्या दुपारी मी बाकावर पांघरुणात कुडकुडत पडले होते आणि बाबा माझ्या पायांशी बसून, मांडीवर कागद घेऊन, रेल्वेच्या ठळक अक्षरात लिहीत होते. पडल्या पडल्या मला ते वाचता येत होतं:

"मी पुंडलिक, पॉइंट्समन, लिहून देतो की माझी मुलगी कांता हिला क्विनिन मी पाजले. तीन वेळा तिच्या जिवावर आले. यापुढे तिला कोणीही पाजू नये. ती नको म्हणत होती. मी ऐकले नाही."